अल्टिमीटरच्या खिडकीत कोणता आकडा लावायचा? इंदूरहून उडणाऱ्यांसाठी

इंदूरच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, उभ्या विमानात तुम्ही बसलात आणि अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, १८५० फुटांच्या आसपास दाखवत नाहीये, तर बाकी सगळं थांबवा आणि आधी त्याच्या तबकडीवरच्या त्या छोट्या खिडकीतला आकडा बघा. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १८५० फूट, म्हणजे ५६४ मीटर, आणि हा एक आकडा इंदूरहून उडणाऱ्या प्रत्येकाला झोपेत विचारलं तरी सांगता आला पाहिजे असं माझं अगदी ठाम मत आहे. कारण पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं शेवटी याच एका तपासणीवर येऊन टेकतं.

हे मराठीत लिहायचं कारण असं की रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इकडची बरीच मुलं-मुली आता डीजीसीएच्या (भारतातल्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) सीपीएलचे, म्हणजे व्यावसायिक पायलट परवान्याचे, पेपर देतायत, पुस्तकं इंग्रजीत, क्लासमध्ये सर हिंदीत शिकवतात, आणि घरी येऊन डोक्यात जो गोंधळ उरतो तो मात्र मराठीत असतो. क्यूएनएच, क्यूएफई, १०१३, ट्रान्झिशन लेव्हल, सगळ्या व्याख्या पाठ, पण विमानात बसल्यावर अल्टिमीटरचा नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा आणि का हे विचारलं की गप्प. होम सिम्युलेटरवर उडवणाऱ्यांचंही तेच. म्हणून एकदा शांतपणे, मुळापासून.

अल्टिमीटर उंची मोजत नाही, तो दाब मोजतो. आत पातळ पत्र्याच्या हवाबंद डब्या असतात, विमानाच्या बाजूला जे बारीक भोक असतं, स्टॅटिक पोर्ट, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब त्या डब्यांभोवती येतो. वर गेलं की दाब कमी, डब्या फुगतात, खाली आलं की दबतात, आणि ती हालचाल गिअरमधून काट्यांपर्यंत पोचते. आता दाबाचं फुटात रूपांतर करायला काहीतरी ठरलेला हिशोब लागतो, तो म्हणजे आयएसए, स्टँडर्ड वातावरण: समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टापास्कल (हे दाबाचं एकक), १५ डिग्री तापमान, आणि दर किलोमीटरला साडेसहा डिग्री घट. यंत्र कायम हेच गृहीत धरून चालतं, बाहेर खरोखर काय हवा आहे ते त्याला कळत नाही. ते आपण त्याला सांगायचं असतं आणि त्यासाठीच ती खिडकी आहे.

त्या खिडकीला कोल्समन विंडो म्हणतात, पॉल कोल्समन या जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरच्या नावावरून, त्यानं १९२८ साली हा अचूक अल्टिमीटर बनवला आणि पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ ला, जिमी डूलिटलनं कॉकपिट झाकून घेऊन, बाहेर काहीही न बघता, फक्त यंत्रांवर टेक-ऑफपासून लँडिंगपर्यंतचं उड्डाण केलं तेव्हा पॅनेलवर हाच अल्टिमीटर होता. ढगात उडणं शक्य झालं ते ज्या थोड्या यंत्रांमुळे, त्यातलं हे एक.

आता खिडकीत काय लावायचं. इथे फक्त एक नियम डोक्यात पक्का बसवा, बाकी सगळं त्यातून निघतं: खिडकीतला आकडा वाढवला की काटा पण वाढतो, कमी केला की काटा पण उतरतो, आणि एका हेक्टापास्कलला साधारण २७ फूट. पेपरात कधी ३० घ्यायला सांगतात, तर जे दिलं असेल ते घ्या, पण कॉकपिटमधल्या अंदाजाला २७-२८ बरोबर बसतं.

क्यूएनएच, म्हणजे विमानतळावरचा दाब समुद्रसपाटीला आणून काढलेला आकडा, लावलं की जमिनीवर असताना अल्टिमीटर त्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, क्यूएफई लावलं की जमिनीवर शून्य दाखवतो. घराची उंची रस्त्यापासून मोजायची की जोत्यापासून, तेवढाच फरक आहे, घर तेच, मोजायला सुरुवात कुठून केली ते वेगळं.

क्यूएफई ऐकायला फार सोयीचं वाटतं, शून्य म्हणजे जमीन, १००० म्हणजे जमिनीपासून हजार फूट, सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारणाऱ्या नवीन मुलाला याहून सोपं काय. पण इंदूरला ते करून बघा. समजा पावसाळ्यातला दिवस आहे, क्यूएनएच १००१ आहे, तर इंदूरच्या धावपट्टीवरचा प्रत्यक्ष दाब, म्हणजेच क्यूएफई, येतो साधारण ९३६. आणि लहान ट्रेनर विमानांच्या बऱ्याच अल्टिमीटरमध्ये खिडकीची पट्टी ९५० च्या आसपासच संपते, खाली आकडेच नाहीत. म्हणजे नॉब फिरवत राहा, शून्य येणारच नाही. हिवाळ्यात क्यूएनएच १०१७ असेल तेव्हा क्यूएफई ९५१ वगैरे येतं, तेव्हा कसंबसं बसलं तर बसलं. बडोद्याला हा प्रश्नच येत नाही, तिथली उंची १२९ फूट, क्यूएनएच आणि क्यूएफईत जेमतेम पाच हेक्टापास्कलचा फरक, ग्वाल्हेरला ६१७ फूट, फरक बावीसच्या आसपास. इंदूरला ६५-६६. आपण माळव्याच्या पठारावर राहतो हे शाळेत भूगोलात शिकतो, पण ते खरं जाणवतं ते हा आकडा बघितल्यावर.

आणि खिडकीत बसलं असतं तरी मी क्यूएनएचच्याच बाजूनं आहे. नकाशावरची प्रत्येक टेकडी, प्रत्येक टॉवर समुद्रसपाटीपासून लिहिलेला असतो. महूच्या पुढे, मानपूरच्या बाजूला जानापाव आहे ना, चंबळ जिथून निघते ती टेकडी, तिची उंची साधारण साडेआठशे मीटर, म्हणजे २८०० फूट. इंदूरचं सर्किट जमिनीपासून १००० फुटांवर धरलं तर क्यूएनएचवर अल्टिमीटर दाखवेल २८५०. म्हणजे सर्किटच्या उंचीवर राहून तसेच नैऋत्येला निघालात तर जानापावच्या माथ्यावरून जाताना खाली उरतात पन्नास फूट. क्यूएनएचवर उडणाऱ्याला हे नकाशा बघताक्षणी कळतं, २८०० आणि २८५० शेजारी-शेजारी दिसतात. शून्यापासून मोजणाऱ्याला आधी वजाबाकी करायला लागते, आणि कमी दिसण्याच्या दिवशी, रेडिओ चालू असताना, डोक्यात वजाबाकी करायला लागू नये.

तर मग एप्रनवर नेमकं काय करायचं. मी मुलांना उलट्या क्रमानं करायला लावतो. विमानात बसलात की टॉवरला काही विचारायच्या आधी नॉब फिरवून काटा १८५० वर आणा, किंवा तुमच्या पार्किंगची उंची चार्टवर वेगळी दिली असेल तर तिच्यावर, आणि मग खिडकीत काय आलं ते वाचा. समजा १००४ आलं. आता एटिस (रेडिओवर सतत चालू असलेली विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती) ऐका किंवा टॉवरला विचारा. त्यांनी पण १००४ सांगितलं तर उत्तम, १००३ किंवा १००५ सांगितलं तरी ठीक, त्यांनी सांगितलेला आकडा लावा. पण त्यांनी ९९८ सांगितलं तर कुठेतरी गडबड आहे, यंत्रात, तुमच्या ऐकण्यात किंवा त्यांच्या सांगण्यात, आणि ते निस्तरल्याशिवाय हलायचं नाही. या पद्धतीचा फायदा असा की दोन आकडे एकमेकांवर अवलंबून नसतात. आधी टॉवरचा आकडा ऐकला की डोळे तोच शोधतात, काटा शंभर फूट इकडेतिकडे असला तरी ठीकच वाटतो.

उज्जैनजवळच्या दताणासारख्या पट्टीवर, म्हणजे जिथे मोठ्या विमानतळासारखी सोय हाताशी नसते, तिथे तर हीच पद्धत मुख्य: पट्टीची उंची माहीत आहे, काटा त्यावर आणला, खिडकीत आलं ते तुमचं क्यूएनएच.

किती फरक चालतो? आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) प्रोसिजरमध्ये साधारण अल्टिमीटरला ६० फूट धरलेत, अमेरिकेत ७५ फूट सांगतात. तुमच्या स्कूलच्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते पाळा, पण फरक रोज त्याच बाजूला वाढत चालला असेल तर मर्यादेत आहे म्हणून सोडू नका, स्नॅग बुकमध्ये, म्हणजे बिघाडांच्या वहीत, लिहा. आणि हो, नॉब फिरवताना नजर काटा आणि खिडकी दोन्हीवर ठेवा, दोन्ही एकत्र हलले पाहिजेत. खिडकी हलते आणि काटा जागेवर, तर ते विमान त्या दिवशी उडवायचं नाही.

मेटारमधून, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालातून, क्यूएनएच वाचायचं असेल तर शेवटाकडे क्यू आणि त्यापुढे चार आकडे असतात, क्यू१००४, आणि हजाराच्या खाली असेल तर पुढे शून्य, क्यू०९९८. वेळ झेड मध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, असते, त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे ०५३०झेड चा मेटार हा आपल्या सकाळी अकराचा. यात एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते: मेटारमध्ये क्यूएनएच कायम खालच्या पूर्ण आकड्यावर आणतात, १००४.९ असलं तरी १००४. का, तर खिडकीत आकडा थोडा कमी गेला की काटा पण थोडा कमी दाखवतो, म्हणजे तुम्ही दाखवतो त्याहून किंचित वरच असता. चूक व्हायचीच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, असा विचार कुणीतरी त्या नियमात आधीच करून ठेवलाय.

सकाळचं क्यूएनएच दुपारी वापरू नका. हे इतकं सांगायचं कारण असं की परदेशी पुस्तकात दाब बदलतो तो फ्रंट (थंड-गरम हवेची सीमा) आला, लो (कमी दाबाचा पट्टा) आला म्हणून, आणि आपल्याकडे आकाश स्वच्छ निळं असलं तरी रोज बदलतो. उष्ण कटिबंधात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते, सकाळी दहाच्या आसपास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, परत रात्री दहाला जास्त, पहाटे चारला कमी. दिवसभरात तीन-चार हेक्टापास्कल सहज. म्हणजे सकाळी दहाला क्रॉस कंट्रीला निघालात, चारला परत आलात आणि खिडकीत सकाळचाच आकडा असेल तर अल्टिमीटर शंभरेक फूट जास्त दाखवतोय आणि तुम्ही तेवढे खाली आहात, वाऱ्याची झुळूक नसलेल्या दिवशीसुद्धा. ऋतूचा फरक तर मोठाच, जानेवारीत क्यूएनएच १०१५ च्या पुढेमागे, जुलैत हजाराच्या आसपास, आणि बंगालच्या उपसागरातून एखादं डिप्रेशन मध्य प्रदेशावरून गुजरातकडे सरकत असेल तर त्याहून खाली. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे उडताना आकडा बदलला नाही तर विमान हळूहळू खाली येत राहतं आणि काटा मात्र जागचा हलत नाही, पायलटला वाटतं आपण लेव्हल आहोत. यातला धोका असा की जाणवत काहीच नाही.

रीडबॅकबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मुलं इथेच सगळ्यात घाई करतात. क्यूएनएच मिळालं की ते परत म्हणून दाखवायलाच पाहिजे, नुसतं रॉजर चालत नाही. आणि म्हणताना एकेक आकडा, वन झिरो झिरो फोर. कारण एका आकड्यानं काय होतं ते २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर दिसलं. स्टॉकहोमहून आलेलं एअरबस ए३२० होतं, पाऊस होता, दिसणं कमी होतं, त्या धावपट्टीचं आयएलएस (जमिनीवरून रेडिओनं उतरण्याचा मार्ग दाखवणारी यंत्रणा) बंद होतं म्हणून सॅटेलाइटवर आधारित अप्रोच, म्हणजे उतरण्याची प्रक्रिया, चालला होता ज्यात खाली उतरण्याचा मार्ग विमान स्वतःच्या बॅरोमेट्रिक उंचीवरून काढतं. खरं क्यूएनएच होतं १००१. कंट्रोलरनं सांगितलं १०११. क्रूनं बरोबर ऐकलं, बरोबर परत म्हटलं, बरोबर लावलं, फक्त आकडाच चुकीचा. दहा हेक्टापास्कल, म्हणजे २८० फूट. विमान अगदी स्थिर, सगळे काटे जागेवर, आणि अख्खा मार्ग २८० फूट खाली सरकलेला. धावपट्टी अजून दीड किलोमीटर लांब असताना विमान जमिनीपासून ६ फुटांवर होतं, सहा फूट, आणि विमानातल्या जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेनं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून परत वर चढले, फिरून परत आले तेव्हाही खिडकीत तोच चुकीचा आकडा होता, पण दुसऱ्या वेळी धावपट्टी डोळ्यांना दिसली आणि सुखरूप उतरले.

यातून आपण करायचं ते हे: क्यूएनएच एका ठिकाणाहून ऐकलं की दुसऱ्या ठिकाणाशी ताडून बघायचं. एटिसवर काय होतं, निघायच्या आधी मेटारमध्ये काय होतं, पुढच्या विमानानं रेडिओवर काय परत म्हटलं. अर्ध्या तासात दहा हेक्टापास्कलची उडी साध्या दिवशी पडत नाही, तेवढा फरक ऐकू आला तर बिनधास्त परत विचारा, टॉवरवाले रागावत नाहीत, आणि रागावले तरी चालेल. आयएलएस करत असाल तर ग्लाइडस्लोपवर, म्हणजे त्याच्या तिरक्या उतरत्या रेडिओ मार्गावर, असताना चार्टवर दिलेल्या ठिकाणी चार्टवर दिलेली उंची दिसते का हे बघायचंच, कारण ग्लाइडस्लोप जमिनीवरच्या अँटेनामधून येतो, त्याला तुमच्या खिडकीशी देणंघेणं नसतं, म्हणून तो स्वतंत्र साक्षीदार.

युनिटचा गोंधळ आपल्याकडे कमी, कारण भारतात सगळं हेक्टापास्कलमध्ये, पण आपली बरीच ट्रेनर विमानं अमेरिकेत बनलेली, त्यामुळे खिडकी कधी इंचात, कधी दोन्हीत. अमेरिकेत स्टँडर्ड म्हणजे २९.९२ इंच पारा, आणि तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांनी नीट लक्षात ठेवा, रेडिओवर घाईत कुणी नाइन नाइन टू एवढंच म्हटलं तर ते ९९२ हेक्टापास्कल पण असू शकतं आणि २९.९२ चा तुकडा पण. ९९२ च्या जागी २९.९२ लावलं तर एकवीस हेक्टापास्कलचा फरक, पावणेसहाशे फूट. म्हणून हजाराच्या खालचा आकडा असला की मागे हेक्टापास्कल हा शब्द लावून बोलायची सवय आत्तापासून करा. एक इंच म्हणजे साधारण ३४ हेक्टापास्कल आणि साधारण हजार फूट, एवढं पाठ असलं तर अंदाजाला पुरतं.

आता १०१३. वर गेल्यावर सगळ्यांनी एकच आकडा लावायचा, स्टँडर्ड १०१३.२५, कारण वर टेकडीला धडकायची भीती नसते, भीती असते एकमेकांची. एकजण इंदूरच्या क्यूएनएचवर, दुसरा अहमदाबादच्या, तिसरा भोपाळच्या, असं झालं तर हजार फुटांचं अंतर कागदावरच राहील. सगळ्यांची चूक एकसारखी असली की आपापसातलं अंतर बरोबर राहतं, हा त्यातला साधा विचार. चढताना ट्रान्झिशन अल्टिट्यूड पार केलं की १०१३, उतरताना ट्रान्झिशन लेव्हल पार केली की क्यूएनएच. अमेरिकेत ही सीमा सगळीकडे १८००० फूट, आपल्याकडे विमानतळागणिक वेगळी, चार्टवर छापलेली असते आणि लेव्हल एटिसवर सांगतात, त्यामुळे दुसऱ्या विमानतळाचा पाठ केलेला आकडा वापरू नका, त्या दिवशीचा चार्ट उघडा.

इंदूर ते बडोदा घ्या. पश्चिमेकडे जाणारा व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघत उडण्याचा) ट्रॅक, म्हणून सम हजार अधिक पाचशे, फ्लाइट लेव्हल ६५ धरू. झाबुआ, दाहोद, गोध्रा असं खाली पठार उतरत जातं. दिवस पावसाळ्याचा, बडोद्याचं क्यूएनएच १००१. फ्लाइट लेव्हल ६५ वर काटा ६५०० दाखवतोय, पण क्यूएनएचच्या हिशोबानं तुम्ही बारा हेक्टापास्कल गुणिले २७, म्हणजे ३२४ फूट खाली आहात, ६१७५ च्या आसपास. वर काही बिघडत नाही. आता उतरताना १०१३ बदलायचं राहून गेलं. बडोद्याच्या सर्किटला काटा ११२९ वर आणलात, मनात हिशोब की १२९ जमीन, वर हजार फूट. प्रत्यक्षात समुद्रसपाटीपासून ८०५, जमिनीपासून ६७६. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत शेवटचं उतरताना, हेच ३२४ फूट अंधारात किंवा पावसात किती महागात जातील ते सांगायला नको. हिवाळ्यात क्यूएनएच १०१७ असेल तेव्हा हीच चूक उलटी होते, तुम्ही शंभर फूट वर असता, आणि त्यामुळेच हिवाळ्यात लागलेली ढिली सवय जूनमध्ये अंगाशी येते. उतरायची परवानगी मिळून ट्रान्झिशन लेव्हल ओलांडली की हात नॉबवर गेलाच पाहिजे, मोठ्यानं आकडा म्हणायचा, शेजारी कुणी नसलं तरी.

उन्हाळ्याचं वेगळं प्रकरण आहे. दाब बरोबर लावला तरी तापमानाची चूक उरते, कारण यंत्राला वाटतं हवा आयएसएइतकी थंड आहे. इंदूरच्या उंचीवर आयएसए तापमान सव्वाअकरा डिग्री. मे महिन्यात दुपारी ४१ असेल तर तीस डिग्री जास्त. दर दहा डिग्रीला साधारण चार टक्के, म्हणजे जमिनीपासून हजार फूट दाखवतोय तिथे खरे अकराशेवीस. गरम हवेत तुम्ही दाखवतो त्याहून वर असता, थंड हवेत खाली, म्हणून डोंगराळ थंड प्रदेशात उंचीला दुरुस्ती लावतात. आणि म्हणूनच टॅबलेटवरची जीपीएस उंची मेमध्ये अल्टिमीटरपेक्षा जास्त दिसते, मुलं घाबरून नॉब फिरवायला जातात, तसं अजिबात करू नका. आकाशातले सगळे बॅरोमेट्रिक उंचीवर उडतायत, तुम्ही एकटे जीपीएसवर गेलात तर तुम्हीच वेगळे पडाल.

पण त्याच दुपारी खिडकीत १०१३ लावून प्रेशर अल्टिट्यूड जरूर वाचा, जमिनीवर असतानाच, परफॉर्मन्सच्या हिशोबासाठी. क्यूएनएच १००४ असेल तर साधारण २१०० फूट येईल. त्या उंचीचं आयएसए तापमान अकरा धरा, बाहेर ४१, फरक ३०, गुणिले १२०, म्हणजे ३६००. डेन्सिटी अल्टिट्यूड झालं ५७०० फूट. इंदूरच्या धावपट्टीवर उभे आहात, पण इंजिन, प्रॉपेलर आणि पंख यांना वाटतंय आपण ५७०० फुटांवर आहोत. टेक-ऑफचं अंतर याच आकड्यानं तक्त्यात बघायचं. आणि बघून झालं की लगेच क्यूएनएच परत लावायचं, हे विसरलं तर सगळं वर लिहिलेलं वाया.

स्टॅटिक पोर्टबद्दल थोडक्यात. खिडकी बरोबर आणि भोक बंद असेल तर काटा अडकून बसतो, तुम्ही चढत राहता आणि तो एप्रनचीच उंची दाखवत राहतो. पावसाळ्यात पाणी शिरतं, धुतल्यावर लावलेली टेप राहून जाते, आणि आपल्याकडे कुंभारीण माशी मातीचं घर कुठेही करते. वॉक-अराउंडला, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासताना, बोट न लावता जवळून बघा, फुंकर मारू नका, त्यानं यंत्र खराब होतं.

ज्यांना अजून विमानात बसायला मिळालेलं नाही त्यांनी घरी हे करून बघा. बऱ्याच फोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो, बॅरोमीटरचं कुठलंही ॲप घ्या. इंदूरला घरात बसून ९४० च्या जवळपास आकडा दिसेल. तो तुमच्या घराचा क्यूएफई. मग इंदूरचा ताजा मेटार उघडा, तिथे १००४-०५ असं काही असेल. दोन्हीत ६५ चा फरक का आहे हे घरच्यांना मराठीत समजावून सांगा, सांगता आलं म्हणजे धडा कळला. उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये फोन घेऊन जा, साधारण तीन मजल्यांना एक हेक्टापास्कल उतरताना दिसेल. रविवारी जानापावला जाणार असाल तर पायथ्यापासून वरपर्यंत दर थांब्यावर आकडा वहीत लिहा, इंदूरच्या घरापेक्षा माथ्यावर तीसेक हेक्टापास्कल कमी भरायला हवेत. फोनच्या सेन्सरमध्ये एक-दोन हेक्टापास्कलची चूक असते, म्हणून जाताना-येताना घरचा आकडा दोन्ही वेळा घ्या, आणि सकाळी दहाला निघून दुपारी चारला परतलात तर घरचाच आकडा तीन-चारनं उतरलेला दिसेल. वहीत त्या आकड्यासमोर वेळ लिहायला विसरू नका.